चिमीबाय, मी सांगितलेला शुक्रवार

चिमीबाय,

तुझा दिवस घालायचा होता मंगळवारी. मी सोमवारी दुपारीच पाड्यावर हजर झालो, आणि तेही चुकीच्या घरी. बारा वर्षं तू आमच्या दारात येत होतीस, मी तुझ्या दारात आलो असेन तीनदा, त्यामुळे कुडाची सगळी घरं मला सारखीच. एका अंगणात माणसं जमलेली दिसली. मी चपला काढल्या, चेहरा उतरवला, आणलेली केळी एका म्हाताऱ्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "जे झालं ते फार वाईट झालं. आता धीर धरायचा."

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "येवढी काय वाईट नाय पोरगी. कामाला चांगली हाय."

तिथे लग्न ठरत होतं, चिमीबाय. मुलाकडच्यांना वाटलं मी मुलीकडचा कोणी शहाणा, मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचा. मला कोरा चहा मिळाला, नवरदेवाच्या नोकरीची माहिती मिळाली, आणि आता उठू, मग उठू असं करत मी तिथे पाऊण तास बसून राहिलो. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि पुढचा महिनाभर आमच्या बिल्डिंगीच्या प्रत्येक मजल्यावर ही गोष्ट सांगत फिरली असतीस.

पण त्या पाऊण तासाची मला नंतर जी भीती वाटली ती अजून अंगातून गेलेली नाही. म्हणून हे लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. तू होतीस तेव्हा जे तोंडाने सांगायचं होतं ते आता तुला वाचता न येणाऱ्या अक्षरांत सांगतोय. ही माझी नेहमीचीच सोय.

आम्ही माणिकपूरला फ्लॅट घेतला त्या पहिल्याच पावसाळ्यात तू दारात उभी राहिलीस. डोक्यावर टोपली, तिच्यात शेवळं आणि टाकळा. मी घाटावरचा माणूस. म्हटलं, "हे तर गवत आहे." आतून शैला धावत आली. ती कोकणातली. तिने टाकळ्याची जुडी अशी छातीशी धरली की जणू माहेरचं कोणी भेटलं असावं. तू तिच्याकडे बघून हसलीस आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "तू मेथीचा मानूस दिसतो." तू सगळ्यांनाच तू म्हणायचीस, सोसायटीच्या चेअरमनलासुद्धा. त्याचा रक्तदाब वाढायचा. मला मात्र ते आवडायचं. ऑफिसात मला साहेब म्हणणारं कोणी नव्हतं आणि घरात तू म्हणणारं कोणी नव्हतं. दोन्हींच्या मधे तू होतीस.

शैला मोठ्या आजारातून उठली त्या वर्षी तिच्या जिभेची चवच गेली होती. मी शहरातल्या सगळ्या बेकऱ्या पालथ्या घातल्या. तू न सांगता कुरडूची कोवळी भाजी आणलीस, आमच्या ओट्याशी उभी राहून स्वतः निवडलीस, आणि शैलाने त्या दिवशी दुसरी भाकरी मागितली. मी तुला काही तरी द्यायला गेलो तर म्हणालीस, "राहू दे. ही मी विकायला नव्हती आनली." तेवढ्या एका वाक्यासाठी मी तुझा जन्मभर मिंधा राहायला हवा होतो. राहिलोही. फक्त मिंध्या माणसाने जे करायला हवं ते केलं नाही.

कंदासाठी मात्र तू मला नाचवायचीस. गणपतीत मी कडूकंद मागितला की तू मान हलवायचीस. "वाघबारस नाय झाली. वाघदेवाला दाखवल्याबिगर जमिनीत पहार नाय घालायची." मी म्हणायचो, "अगं, आता इथे वाघ कुठे राहिलाय?" त्यावर तू म्हणायचीस, "वाघ नाय राहिला म्हनून पहार घालायची? मग कंद पन नाय राहायचा." हा वाद आपला दर वर्षी व्हायचा, आणि दर वर्षी मी हरायचो. तुझ्या त्या 'नाय'मधे फक्त देव नव्हता. वाघबारशीच्या आत, म्हणजे दिवाळीच्या तोंडाआधी, कंद भरलेला नसतो, वेल हिरवा असतो, हे तूच मला नंतर दाखवलंस.

आठवतं? एका शुक्रवारी मी तुझ्याबरोबर डोंगराच्या पायथ्याला आलो होतो. सातिवलीच्या आमच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी. मी बूट घालून, पाण्याची बाटली घेऊन, एव्हरेस्टला निघाल्यासारखा आलो होतो. तू अनवाणी. तासभर खणून मी एक कंद असा उपटला, अख्खाच्या अख्खा, मुळासकट, वेलासकट, आणि पैलवानासारखा दोन्ही हातांनी वर धरला. तू माझ्या हातातून तो काढून घेतलास. वरची मुंडी कोयत्याने कापलीस, परत खड्ड्यात ठेवलीस, आणि मला म्हणालीस, "आता माती लोट. हातानं. पायानं नको." मी गुडघ्यावर बसून माती लोटली. "सगळाच घेतला तर पुढच्या वरसाला तुझा बाप देल?" माझा बाप पोस्टात होता, त्याने काही दिला नसता. त्या खड्ड्यावर तू एक दगड ठेवलास. मुंडी परत धरेपर्यंत इथे कोणी खणायचं नाही, अशी ती खूण. पाड्यातल्या कुठल्याही बाईने तो दगड पाहिला असता आणि पुढे गेली असती. आमच्या सोसायटीत 'इथे गाडी लावू नये' अशी पाटी आहे. तिथे सगळे गाडी लावतात.

आणि मग ओहोळ. खरं बोलायचं ते इथूनच, आणि इथेच माझा हात अडतोय.

कडूकंद तसाच खाल्ला तर घसा धरतो, पोट बिघडतं. त्याचे पातळ काप करायचे, राख घालून उकडायचे, टोपलीत भरायचे आणि टोपली रात्रभर वाहत्या ओहोळात दगडाने दाबून ठेवायची. पाणी कापांतून वाहत राहतं आणि कडूपणा घेऊन जातं. बादलीत भिजवून चालत नाही, पाणी वाहतंच पाहिजे. हे तुला तुझ्या आईने शिकवलं, तिला तिच्या आईने. त्यासाठी तुमच्या पाड्याने ओहोळाची वाटणी केलेली होती. वर प्यायचं पाणी. त्याखाली टोपल्या. मग भांडी, मग कपडे, आणि अगदी खाली गुरं. दिवाळीआधी तुम्ही बायका मिळून ओहोळातला पाला, गाळ काढायच्या. प्यायच्या जागेच्या वर कोणी हातसुद्धा धुवायचा नाही.

आमचा पाइप त्या जागेच्या वर होता.

चिमीबाय, मी आमच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. पट्ट्यांची बकलं आणि पर्सच्या कड्या चकाकवायचं काम. कड्या ज्या पाण्यात बुडवतात ते पाणी काही दिवसांनी बदलावं लागतं. जुनं पाणी मागच्या टाकीत जातं. टाकी भरली की सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी सकाळी, व्हॉल्व्ह उघडतात. ते पाणी कुठून कुठे जातं हे आमच्यात कोणी विचारत नाही. शेठ वाईट माणूस नाही. हे वाक्य मी नेहमी म्हणतो, आणि म्हणून झाल्यावर नेहमी इकडेतिकडे बघतो. व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस वेगळा असायचा. मी फक्त मागच्या दाराची चावी द्यायचो. ते 'फक्त' मी बरीच वर्षं जपून ठेवलं.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेल्यावर, तू एका शनिवारी आलीस. टोपली खाली ठेवली नाहीस. म्हणालीस, "दादा, काल खेकडं ओहोळातनं बाहेर आलं."

"येतात की."

"वाटेवर आलं. दिवसाढवळ्या. उन्हात. पोरं हातानं गोळा करीत होती, मी टाकायला लावलं. खेकडं असं पानी सोडून नाय येत."

"पाऊस येणार असेल."

"आता कुठला पाऊस?" तू माझ्याकडे नीट बघितलंस. "तुझ्या कारखान्याचं पानी कुटं जातं?"

"टाकीत."

"आन टाकीतनं?"

"टाकीतनं... जिरतं."

"कुटं जिरतं?"

मी म्हटलं, भाजी काय आणलीस. तू सांगितलंस. मी घेतली. दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर ते खेकडे होते, नांग्या वर करून वाटेवर निघालेले. मी ते पाहिलेही नव्हते, तरी तेव्हापासून मला ते दिसतात. जेवताना दिसतात. दाढी करताना आरशात दिसतात.

पुढचे आठ दिवस मी घाबरण्यात काढले. तुला खरं सांगितलं तर तू पाड्यात सांगणार. पाडा कारखान्यावर येणार. शेठ विचारणार, कोणी सांगितलं? चावी कोणाकडे असते? मुलगी नुकतीच कॉलेजात गेलेली. शेठ म्हणणार, उद्यापासून येऊ नका. न सांगितलं तर? तर टोपल्या. मी मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी घाबरत होतो, आणि शेवटी माझ्यासारखा माणूस जे करतो ते मी केलं. देव मधे घातला.

तू आलीस तेव्हा म्हणालो, "चिमीबाय, शुक्रवारी ओहोळात काही घालू नकोस. उतरूही नकोस. पाड्यात पण सांग. शुक्रवार देवीचा. आमच्याकडे शुक्रवारी वाहत्या पाण्याला हात लावत नाहीत."

स्वयंपाकघरातून शैलाचा आवाज आला, "आपल्याकडे? कधीपासून?"

"माझ्या आजोळी," मी ओरडलो.

"तुमचं आजोळ सोलापूरला. तिथे वाहतं पाणी कुठंय?"

तू हसली नाहीस. मला अजून ते टोचतं. एरवी शैलाच्या असल्या बोलण्यावर तू उंबऱ्यात बसून हसायचीस. त्या दिवशी माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "गुरवारी राती टाकलेली टोपली शुक्रवारी सकाळी काढायची असते. ती?"

"गुरुवारी पण नको टाकूस."

"म्हंजे तुजी देवी गुरवारीच येऊन बसते?"

"हो."

"बरं," तू म्हणालीस. "पाळू."

आणि पाळलात. तीन वर्षं सगळ्या पाड्याने शुक्रवार पाळला. मला वाटलं मी सुटलो. मी स्वतःला हुशार समजत होतो, चिमीबाय. वाघदेवाच्या नियमाशेजारी मी माझा एक नियम नेऊन ठेवला. तुझ्या नियमामागे जमीन होती, वेल होता, तुझ्या आईची आई होती. माझ्या नियमामागे व्हॉल्व्ह होता.

पण पाणी वार बघून स्वच्छ होत नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. शुक्रवारी सोडलेलं शनिवारी दगडांना चिकटलेलं असणार, गाळात बसलेलं असणार. मग तुझ्या पायांची कातडी सोलायला लागली. तू एरंडाचं पान बांधून यायचीस. मग पोट. मग जेवण जाईना. टोपली अर्धी झाली, मग पाव झाली. मी म्हणायचो, "डॉक्टरला दाखव." जणू मोठा सल्ला देतोय.

या दिवाळीनंतर मी तुला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. रिक्षाने. शैला म्हणाली, "बरं केलंत." मी बरं केलं नव्हतं, चिमीबाय. घरी बसून माझ्याने राहवत नव्हतं. डॉक्टर तरुण होता, थकलेला होता, बाहेर रांग होती. त्याने विचारलं, काय काय खाता? तू सांगितलंस: भात, भाजी, मासे मिळाले तर, आणि थंडीत कंद. तो म्हणाला, "कडूकंद? अहो आजी, तो विषारी असतो. हेच कारण असणार. बंद करा ते सगळं रानातलं."

तू ताठ बसलीस. "त्याचं विष कसं काढायचं ते मना माहीत हाय. माझ्या आईनं पन खाल्ला. ती म्हातारी होऊन मेली."

आणि मग तू माझ्याकडे बघितलंस. डॉक्टरकडे नाही, माझ्याकडे. मी तिथे टेबलाच्या कडेला हात ठेवून उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. डॉक्टर, कंदाचं नाही, पाण्याचं बघा. पाच शब्द. मी तुझ्या केसपेपरची घडी घातली. नीट, कोपरे जुळवून.

बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "त्यानं कंदाला बोल लावला." एवढंच. त्यात राग नव्हता. एखाद्या निरपराध माणसाला पकडून नेताना बघावं तसा तुझा आवाज होता.

आणि अजून एक आहे. त्याच महिन्यात शेठने वार बदलला. शुक्रवारी सुट्टीला आजूबाजूच्या गाळ्यांतले कामगार मागच्या मोकळ्या जागेत क्रिकेट खेळायला लागले होते. चेंडू नाल्यात जायचा, कोणीतरी उतरायचा, वर येऊन विचारायचा की हे हिरवं पाणी कसलं. शेठ म्हणाला, आता सोमवारी दुपारी सोडा, चार वाजता, मशिनं चालू असताना. कोणाचं लक्ष नसतं.

माझं होतं. पहिला सोमवार गेला. मी ठरवलं, तुला सांगायचं. पण काय सांगायचं? शुक्रवारला मी देवी आणली होती. सोमवारला कोण आणू? सोमवार महादेवाचा, त्याला तर पाणी घालतात! मी खरोखर, चिमीबाय, बसून विचार करत होतो की कुठला देव सोमवारी पाण्यावर रागावतो. एक माणूस मरत होता आणि मी पंचांग चाळत होतो. तू दोनदा आलीस. दोनदा मी स्वतःला म्हटलं, पुढच्या वेळी. तिसऱ्यांदा तू आली नाहीस. रिक्षा स्टँडजवळ बसणाऱ्या भाजीवालीने सांगितलं, "चिमी गेली. परवाच."

तुझं दुखणं कशाचं होतं हे मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. मी दिवसातून दहा वेळा स्वतःला हे सांगतो. अकराव्या वेळी खेकडे दिसतात.

तर सोमवारी लग्नाच्या घरातून सुटून मी तुझं घर शोधलं. अंगण सारवलेलं. घरात कोणी नाही. शेजारच्या बाईने हात करून दाखवलं, "मंजी ओहोळावर गेली. उद्याला सासूच्या पानावर कंद ठेवायचा ना."

मी घड्याळ बघितलं. चारला दहा कमी. मागच्या दाराची चावी मी निघतानाच देऊन आलो होतो.

तुझ्या सुनेच्या मागे मी धावलो. पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला, हातात चपला घेतलेला माणूस शेताच्या बांधावरून धावतोय. दोनदा पडता पडता राहिलो. मंजी टोपलीच्या जागी उभी होती, गुडघाभर पाण्यात, साडी खोचलेली, आणि तिचं पोट मी पहिल्यांदा बघितलं. सहावा असेल, सातवा असेल. तू मला सांगितलं नव्हतंस. टोपली पाण्यात होती. मंजी टोपलीवर दगड ठेवत होती.

"मंजी, काढ! बाहेर ये."

तिने वर बघितलं. "आज सोमवार हाय, दादा. शुक्रवार नाय."

इतक्या शांतपणे म्हणाली. मला धडा विसरलेल्या मास्तरसारखं वाटलं. मी म्हणू शकलो असतो की आज अमावस्या आहे, की सासूचा दिवस व्हायच्या आधी पाण्यात उतरू नये. तोंडात आलंही होतं. माझी जीभ त्या कामाला इतकी सरावलेली आहे.

"पाणी खराब आहे," मी म्हणालो. "आमच्या कारखान्याचं. आता चार वाजता सोडतील. बाहेर ये आधी, मग सांगतो."

ती बाहेर आली. टोपली घेऊन आली. मी मदत करायला हात पुढे केला तर तिने टोपली दुसऱ्या बाजूला घेतली. आम्ही काठावर उभे राहिलो. वर, गोदामांच्या पाठीमागे, मशिनांचा आवाज येत होता. काही झालं नाही. मला वाटलं, देवा, आज सोडलंच नाही की काय, आणि मी उगाच... आणि मला त्यात बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. मग पाण्याच्या कडेने एक हिरवट पट्टा उतरत आला. वास आला. दगडांमधून वळला, टोपलीच्या जागेवर आला, जिथे तिचे पाय होते तिथे, आणि पुढे गेला, भांड्यांकडे, कपड्यांकडे, गुरांकडे. ओहोळ त्याला अगदी ओळीने घेऊन गेला.

मंजीने खोचलेली साडी सोडून पिळली. मग म्हणाली, "सासू बोलायची, दादा भित्रा हाय, पन वार बरोबर सांगतो. त्यानं शुक्रवार सांगितला म्हंजे शुक्रवारी तिकडं कायतरी होतं. देवीबिवी काय नाय. आपन पाळायचा."

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तू माझी भीती ओळखलीस, तिच्यातून कामाचं तेवढं घेतलंस आणि बाकीची मुंडी परत मातीत ठेवलीस. आणि वाट बघत राहिलीस की कधी तरी मी बाकीचं सांगेन. दवाखान्यात तू त्यासाठीच बघितलंस ना माझ्याकडे?

"मग वार बदलला तवा का नाय सांगितला?" मंजीने विचारलं.

"कुठल्याच वारी नको उतरूस आता," मी म्हणालो. "कुठल्याच वारी नको."

"मग पानी कुटनं आनू? तुझ्या बिल्डिंगीत वाहतं पानी हाय?" पाड्याला एक हातपंप आहे, तांबडं पाणी देणारा. तिने टोपली डोक्यावर घेतली. "उद्या सगळा पाडा येनार हाय. हे असंच सांगशील? सगळ्यांपुढं? कारखान्याचं नाव घेऊन?"

मी हो म्हणालो. माझ्या तोंडून ते कसं निघालं मला माहीत नाही.

मंगळवारी सांगितलं. तुझ्या अंगणात, तुझ्या पानासमोर, ज्याच्यावर कंद नव्हता. आवाज इतका बारीक निघत होता की मागच्यांनी "मोठ्यानं" म्हणून ओरडून सांगितलं, आणि मला सगळं दुसऱ्यांदा सांगावं लागलं. टाकी, व्हॉल्व्ह, चावी, वार. कोणी मला मारलं नाही. मला वाटलं होतं मारतील, आणि मारलं असतं तर हलकं वाटलं असतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग एकाने विचारलं, "हे कागदावर लिहून देशील?" मी लिहून दिलं. खाली सही केली. सही करताना हात आमच्या कारखान्याच्या मालाच्या चलनावर चालतो तसा आपोआप चालला. भीती खूप नंतर आली, परतीच्या रिक्षात, आणि अजून आहे. तो कागद आता कोणाकोणाच्या हातातून जाईल मला माहीत नाही. शेठपर्यंत जाईल, एवढं माहीत आहे. फोन वाजला की मी आधी नंबर बघतो. आणि त्याहून मोठी भीती मंजीच्या पोटाची. तीन वर्षं ती त्या पाण्यात उभी होती. त्याचं काय करायचं, हे कुठल्याच कागदावर लिहिता येत नाही.

तू असतीस तर काय म्हणाली असतीस, ते मी ठरवणार नाही. तुझ्या वतीने बोलायचा मला अधिकार राहिलेला नाही. एवढंच सांगतो की तू मला भित्रा म्हणालीस ते बरोबर होतं, आणि तरी माझ्याकडे भाजी घेऊन येत राहिलीस, त्याबद्दल तुझे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही.

मंगळवारी संध्याकाळी शैलाला सगळं सांगितलं. पहिल्यापासून, आजोळच्या देवीपासून. मला वाटलं ती नोकरीचं विचारेल, मुलीच्या कॉलेजचं विचारेल. पंखा चालू होता, तो तिने उठून बंद केला. परत येऊन बसली. म्हणाली,

"शुक्रवारचं सांगितलंत त्याच आठवड्यात तुम्ही तिला म्हणालात, आम्हाला कंद आणू नकोस, मला पित्त होतं. म्हणजे आपल्या घराला तुम्ही वेळेवर सांगितलं होतंत."